दंडावरचा शुगर सेन्सर: आईच्या पहाटेच्या साखरेचा उलगडा

आईची जेवणानंतरची साखर बरी यायची आणि उपाशीपोटीची मात्र चढलेली. बाबांचा ठाम आरोप, ही रात्री उठून संत्रा बर्फी खाते. आई शपथा घ्यायची, कोणी ऐकायचं नाही. शेवटी रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी 14 दिवस दंडावर राहणारा सेन्सर लावायला सांगितला.

लावताना आईला मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि आकडा मोबाईलवर येतो.

पहिल्याच रात्रीचा आलेख पाहिला. मध्यरात्री 118. चारनंतर रेघ चढायला लागली आणि सहाला, चहाच्या आधीच, 156! डॉक्टरांनी त्या चढावर बोट ठेवून सगळं समजावलं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन जोर धरतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्याचं स्वादुपिंड तेवढं जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. आईचं इन्सुलिन तिथे कमी पडतं. त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉनही येतं, ते यकृताला आणखी साखर सोडायला लावतं, आणि टाइप 2 मधुमेहात त्याला पुरेसा लगाम बसत नाही. बाबा शांतपणे ऐकत होते. बर्फीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, आणि डॉक्टरांनी आईचं रात्रीचं औषध बदललं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तर्री पोह्यांनी रेघ चांगलीच उसळली. तेच पोहे खाऊन अंबाझरीला फेरी मारली त्या दिवशी चढ बराच कमी होता, कारण चालणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. आईला हे डोळ्यांनी दिसलं, आता चाला म्हणून सांगावं लागत नाही.

उणिवाही आहेत. किंमत हजारांत जाते. त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जाऊन आकडा खोटाच कमी दिसतो. एका रात्री 58 दाखवलं, बोटाच्या तपासणीत 104 निघाले. आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागेही असतो. म्हणून कमी साखरेचा इशारा आला आणि लक्षणं जुळत नसली, तर बोट टोचून खात्री कराच. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात घामाने कडा सुटतात. दंड स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या, वरून मेडिकलमधली जलरोधक पट्टी लावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि सकाळच्या आकड्याचं कारण न सापडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर लावावा. साखर ताळ्यावर असेल तर साधं ग्लुकोमीटर पुरतं.