हापूसच्या ऐन हंगामात वेबसाइट बंद: ‘क्लाउड’च्या बिलात काय काय दडलं होतं

देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. सगळा माल वाशीच्या दलालाकडे पाठवण्यापेक्षा थेट गिऱ्हाइकाच्या घरी पेटी पोचवावी, म्हणून काही वर्षांपूर्वी ऑनलाइन ऑर्डर घेणारी वेबसाइट करून घेतली. ती करून देणारा मुलगा आमच्याच तालुक्यातला, पुण्यात एजन्सी थाटलेला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. हीच पद्धत वापरून होमस्टेवाल्यांना आणि मसालेवाल्यांनाही नाडलेलं मला नंतर कळलं, त्यामुळे एका नावाने काही साधणारही नाही.

दरवर्षी जानेवारीत, झाडं मोहोरली की त्याचं बिल यायचं. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण, डेडिकेटेड क्लाउड सर्व्हर, सीएमएस लायसन्स, एसएसएल सर्टिफिकेट, देखभाल. हिशेब मी बघते, पण औषधफवारणीचं बिल जसं समजतं तसं हे समजत नव्हतं. शेवटी एका जानेवारीत एकेक ओळ तपासायला बसले.

सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, 9,000 रुपये. आमची साइट वर्डप्रेस या सीएमएसवर होती आणि दुकानाचा भाग वूकॉमर्स या त्याला जोडायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे प्लगिनवर. वर्डप्रेस 2003 मध्ये आलं तेव्हापासून फुकट आहे. जीपीएल परवान्याखाली कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं. वूकॉमर्सचा गाभाही तसाच. साइट उभी करण्याचे, ती सांभाळण्याचे पैसे जरूर घ्यावेत, त्यात मेहनत असते आणि ते आम्ही ‘देखभाल’ या ओळीत देतच होतो. पण ‘लायसन्स फी’ म्हणून जे वसूल केलं जात होतं ते कुणालाच द्यावं लागत नाही.

एसएसएल, म्हणजे साइट आणि गिऱ्हाइकातली देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारं सर्टिफिकेट, 4,500. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबलं की साइटचं सर्टिफिकेट उघडून बघता येतं. आमचं उघडलं तर देणाऱ्याच्या जागी लेट्स एन्क्रिप्ट, आणि मुदत 90 दिवसांची. ही ना-नफा संस्था सर्टिफिकेट फुकट देते, आणि मुदत संपत आली की सर्व्हर आपोआप नवं घेतो. ‘वर्षाचं सर्टिफिकेट खरेदी केलं’ असं बिलावर लिहिलेलं, आणि समोर तीन महिन्यांचं फुकटचं. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, आपल्या साइटवर आत्ताच करून बघा.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे साइट ठेवायचा, फक्त आपल्यासाठी राखलेला संगणक. साइटचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, टाकला की त्याच पत्त्यावर आणखी कोणत्या साइट नांदतात ते दाखवणारी मोफत साधनं आहेत. आमच्या शेजारी एक दातांचा दवाखाना, एक वधूवर सूचक मंडळ, बोअरवेलवाले आणि अशीच मोठी यादी निघाली. सामायिक होस्टिंगमध्ये वाईट काही नाही, आमच्याएवढ्या दुकानाला ते पुरतं. पण मग भाडं चाळीतल्या खोलीचं लावा, बंगल्याचं कशाला?

इथपर्यंत प्रकरण नुसत्या जास्तीच्या पैशांचं होतं. खरा फास डोमेनमध्ये होता. डॉट इन नावांची नोंद निक्सी या संस्थेच्या रजिस्ट्रीत असते आणि हूइज शोधात नाव टाकलं की नोंदणी कुणाची ते दिसतं. व्यक्तीचा फोन-ईमेल झाकलेला असतो, पण संस्थेचं नाव दिसतं. आमच्या बागेच्या नावाचं डोमेन त्याच्या एजन्सीच्या नावावर होतं. आंब्यापुरतं बघाल तर हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, आमच्याकडे त्याचं अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रमाणपत्र आहे, बाग सातबाऱ्यावर आहे. आणि ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक येतं तो पत्ता तिऱ्हाइताचा.

मी फोन केला. साइटचा ॲडमिन लॉगिन द्या आणि डोमेन आमच्या नावावर करा म्हटलं.

“वहिनी, तुमच्याकडे लॉगिन आहे की.”

“आहे, पण त्यात प्लगिन्स दिसत नाहीत, सेटिंग्ज दिसत नाहीत.”

“ते सगळं क्लाउडवर असतं. तिथे क्लायंटने हात लावला तर साइट उडते.”

ही शुद्ध थाप. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक लॉगिनला एक भूमिका दिलेली असते. ॲडमिनिस्ट्रेटरला सगळं दिसतं, एडिटरला फक्त मजकूर, आणि वूकॉमर्सचा शॉप मॅनेजर ऑर्डरी, मालाचे भाव आणि दुकानापुरती सेटिंग्ज बघू शकतो. मला शॉप मॅनेजर करून ठेवलं होतं. रोज ऑर्डरी दिसतात, दर बदलता येतो, म्हणून माणसाला वाटतं साइट आपल्या हातात आहे. आत गेल्यावर डावीकडच्या काळ्या पट्टीतल्या मुख्य यादीत ‘प्लगिन्स’ आणि ‘सेटिंग्ज’ हे शब्द नसतील तर तुम्ही मालक नाही, नोकर आहात.

त्या फोननंतर महिनाभर गोड बोलणं चाललं. करतो, पाठवतो, ऑफिसातल्या मुलाला सांगितलंय. आणि गुढीपाडवा तोंडावर आला तेव्हा साइट उघडेना. पांढऱ्या पानावर ‘देखभालीसाठी बंद’ एवढंच. मागोमाग व्हॉट्सॲपवर ‘मायग्रेशन आणि हँडओव्हर चार्जेस’ नावाचं कोटेशन आलं, वर्षाच्या बिलाच्या दुप्पट. पाडवा ते अक्षय तृतीया हे आमचे कमाईचे आठवडे. मोहोर कधी येतो, पेट्या कधी सुटतात, हे त्याला तालुक्यातलाच असल्यामुळे पक्कं ठाऊक. जूनमध्ये बंद केली असती तर आम्ही जांभई दिली असती.

आम्ही पैसे दिले नाहीत. डोमेन विकणाऱ्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर असं की ज्याच्या नावावर खातं तो आमचा ग्राहक, तुम्ही नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची लवादाची सोय आहे, पण तिथे नावावरचा हक्क दाखवावा लागतो आणि आमच्या बागेच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला नव्हता. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला, वकील गाठा’ म्हणाले. 1930 हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक खात्यातून नुकतेच गेलेले पैसे अडवण्यासाठी आहे, आम्ही तर बिलं राजीखुशीने भरलेली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, तिचा पोचक्रमांक आला. सध्या जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण आहे. समोरचा म्हणतो, तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी कारणासाठीचा धरत नाहीत आणि आमचा वकील त्यावर बोट ठेवून आहे. बघू.

हंगाम वाचला तो एका क्षुल्लक सेटिंगमुळे. वूकॉमर्सच्या ईमेल विभागात ‘नवी ऑर्डर’ आली की कुणाला कळवायचं ते लिहिण्याची चौकट असते. तिथे त्याने साइटच्या डोमेनवरचा ईमेल घातला होता. तो मोबाइलवर नीट उघडायचा नाही म्हणून मी स्वल्पविराम देऊन पुढे माझा जीमेल जोडला होता. त्यामुळे प्रत्येक जुन्या ऑर्डरचं नाव, पत्ता, फोन माझ्याकडे पडून होतं. जानेवारीत संशय आला तेव्हा वूकॉमर्सच्या ॲनालिटिक्समधून ग्राहकांची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची, फाइलही उतरवून ठेवली होती, पण तिच्यात नाव, ईमेल, गाव, पिनकोड असतो, फोन नसतो. आंब्याच्या धंद्यात फोन नसेल तर यादी काय चाटायची? जीमेलमधले नंबर घेऊन भाचीने आणि मी व्हॉट्सॲप बिझनेसवर याद्या बनवल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून कळवलं.

डोमेनवरचा ईमेल अर्थातच साइटबरोबर गेला. तोच ईमेल बँकेला, कुरिअरला, जीएसटीच्या नोंदणीला दिलेला असता तर त्यांचे ओटीपी कुणाकडे गेले असते, हा विचार अजूनही नको वाटतो.

पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, तेवढा आमच्या नावावर होता, तोही त्याच्या चांगुलपणाने नव्हे. पॅन, बँक खातं आणि केवायसीशिवाय गेटवे उघडतच नाही. तरी गेटवेची गुप्त की, म्हणजे साइटला गेटवेशी जोडणारी चावी, साइटच्या आत साठवलेली असते आणि साइट त्याच्या ताब्यात. साइट बंद झाल्याच्या दिवशीच गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन ती की रद्द करून नवी काढली. तुमचं कुणाशी बिनसलं तर आधी हे करा, भांडण मागाहून.

छापून आलेल्या खोक्यांचं दुःख वेगळंच. प्रत्येक खोक्यावर जुना पत्ता आणि क्यूआर कोड. बागेतल्या बायका अढीतून आंबा काढून खोकी भरत होत्या आणि आमच्या सासूबाई बाजूला बसून क्यूआरवर बागेच्या फोन नंबरचे स्टिकर चिकटवत होत्या. त्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकत हंगाम पार पडला.

नवी साइट होस्ट केलेल्या तयार सेवेवर उभी केली. डोमेन माझ्या खात्यात, माझ्या कार्डावर आपोआप नूतनीकरण, आणि त्या खात्याचा ईमेल मुद्दाम जीमेलचा, म्हणजे डोमेन हललं तरी लॉगिन हलणार नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू. काम करणाऱ्या मुलीला काम संपेपर्यंत ॲडमिन दिलं, मग स्वतः खाली उतरवलं. तिला त्यात काही वाटलं नाही, उलट तीच म्हणाली की असंच करावं. जुनी पानं आणि बागेचे बरेच फोटो इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सापडले.

हीच मुलगी जुन्या साइटचं काय झालंय बघायला गुगलवर डोमेनच्या आधी ‘site:’ लावून शोधत होती, तर आमच्या आंब्यांच्या पानांखाली जपानी अक्षरांत घड्याळं आणि पर्सच्या जाहिराती. तिच्या मते हा चोरीच्या थीमचा, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या तयार साच्याचा, परिणाम. विकतच्या थीम आणि प्लगिन्सच्या लायसन्स तोडलेल्या प्रती फुकट फिरतात आणि त्यांत बऱ्याचदा हॅकरला शिरायला मागचं दार ठेवलेलं असतं. आमच्या बिलात ‘प्रीमियम थीम’ हीसुद्धा एक ओळ होती. तिची पावती आयोगापुढे मागितली आहे, अजून आलेली नाही.

जुना पत्ता आता दुसऱ्याच एका आंबेविक्रेत्याकडे वळवलेला आहे. मेमध्ये ठाण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, की तुमच्या पेटीत यंदा देवगड म्हणून कर्नाटकचा आंबा आला. पेटीचा फोटो मागवला. ती आमची नव्हती. फोटो, तारीख आणि वळवलेल्या पत्त्याचे स्क्रीनशॉट वकिलाकडे दिलेत, आणि बागेच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही भरलाय.