जपानी कॅज्युअल बोलण्याची ऑनलाइन बॅच केली, एन४ झालेल्यांनी नक्की करा

एन४ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास झालंय पण जपानी माणूस समोर आला की तोंडातून फक्त देस-मासच (म्हणजे औपचारिक, आदराचं बोलणं) निघतं, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे आपण व्याकरण आणि कांजी घोकत बसतो आणि मित्रमैत्रिणींशी कसं बोलायचं ते राहूनच जातं. पुण्यातल्या एका सेनसेईंची (शिक्षिकेची) वीकेंडची ऑनलाइन बॅच आहे, त्या नेमकं तेवढंच शिकवतात आणि फार मनापासून शिकवतात.

पहिले काही क्लास ग्रीटिंग्जवर आहेत. मला वाटलेलं हे तर येतंच, पण इथे भर आहे कोण कुणाला म्हणतं यावर. कोन्निचिवा (नमस्कार) आपण पहिल्याच दिवशी शिकतो, पण घरच्या माणसांना ते कुणीच म्हणत नाही, ओहायो (सुप्रभात) मात्र घरीदारी सगळीकडे चालतं आणि बॉस असेल तर पुढे गोझाइमास लावायचं. ओस्स हे मुलांचं, त्यातही स्पोर्ट्स क्लबवाल्यांचं, याहहो मुलींकडून जास्त ऐकू येतं. मित्रांचा निरोप घेताना सायोनारा कशाला, ज्या ने नाहीतर माता ने. ऑफिसात ओत्सुकारेसामा देस ('दमलात हो' अशा अर्थाचं) सगळ्यांना चालतं पण त्याच अर्थाचं गोकुरोसामा हे वरच्याने खालच्याला म्हणायचं, ते बॉसला म्हणू नका, हे जपानी क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांनी तर लिहूनच ठेवा.

खरी मजा पुढे, बायकांचं बोलणं आणि पुरुषांचं बोलणं. मराठीत जातो-जाते म्हटलं की लगेच कळतं कोण बोलतंय. जपानीत क्रियापद दोघांचंही इकु, फरक पडतो तो 'मी' साठी काय वापरता आणि वाक्य कशाने संपवता त्यात. ओरे, बोकु पुरुषांचं, आताशी बायकांचं, वाताशी मात्र ऑफिसात पुरुषही म्हणतात. वाक्याच्या शेवटी झो, झे लावलं की रांगडं. 'किरेइ दा यो' (सुंदर आहे) मधला दा गाळून 'किरेइ यो' म्हटलं की बायकी वाटतं. शेवटी वा लावला की बायकी हे आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि मग सेनसेईंनी ओसाकाच्या एका काकांचा ऑडिओ लावला, ते म्हणतायत 'शिरान वा', म्हणजे मला नाही माहीत बुवा, आणि शेवटचा वा सरळ खाली येतो. बायकी वा वर चढतो, कानसाईतला (ओसाकाच्या भागातला) हा वा खाली उतरतो आणि तो पुरुषही बिनधास्त वापरतात. दोन्ही सुरांत आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की आता फरक कानाला आपोआप कळतो. हे पुस्तकातून येणं शक्यच नाही.

आणि सगळ्यात आवडलं ते हे की त्या याला नियम म्हणून शिकवत नाहीत. टोकियोतल्या आजच्या तरुण मुली वाक्याच्या शेवटी काशिरा किंवा दावा लावून सहसा बोलत नाहीत, ते उरलंय जास्त करून अ‍ॅनिमेत आणि परदेशी बायकांच्या मुलाखतींच्या भाषांतरात. किन्सुइ सातोशी या भाषा-अभ्यासकांनी अशा ठरावीक पात्रांच्या बोलीला याकुवारिगो असं नाव दिलंय. आणि गंमत म्हणजे मेइजी काळात (१८६८-१९१२) शाळकरी मुली तेयो, दावा लावून बोलायला लागल्या तेव्हा ते असभ्य म्हणून लोक नावं ठेवायचे, नंतर तेच खानदानी बायकांचं बोलणं ठरलं! हे कळल्यावर मी माझं ठरवलं, मित्रमैत्रिणींत साधं 'सो दा ने' (हो ना) म्हणायचं, आज मुलीही तसंच बोलतात. आणि मुलांनो, अ‍ॅनिमे बघून क्लायंटसमोर ओरे ओरे करू नका, तिथे वाताशीच.

आता खटकलेलं. हँडआउट सगळे रोमाजीत (इंग्रजी अक्षरांत) आहेत, एन४ वाल्यांना काना (जपानी अक्षरं) द्यायला काय हरकत आहे? बॅच मोठी असल्यामुळे रोल-प्लेमध्ये आपला नंबर येईपर्यंत वेळ संपत येतो, आणि या विषयात बोललंच नाही तर उपयोग काय. काही क्लासची रेकॉर्डिंग्ज पण मिळाली नाहीत, मागितल्यावर उत्तर उशिरा आलं.

एन५ अजून चालू असेल तर थांबा, आधी देस-मास पक्कं होऊ दे, नाहीतर दोन्हीची खिचडी होते. डिसेंबरची परीक्षा देणार असाल तर ती झाल्यावरची बॅच घ्या, आणि पैसे भरायच्या आधी रोल-प्लेला एका ग्रुपमध्ये किती जण असतात ते विचारूनच घ्या.