चेंदणी कोळीवाड्यातील रीळदुरुस्ती: तीस वर्षांच्या रिळाला मिळालेले नवे आयुष्य

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात एका घराच्या ओटीवर गळाच्या रिळांची, म्हणजे काठीला लावून दोर सोडायच्या-गुंडाळायच्या यंत्रांची, दुरुस्ती होते. दुकानाला पाटी नाही आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांना आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छाही नाही; कोळीवाड्यात शिरून ‘रीळवाले कुठे बसतात’ असे विचारले की कोणीही घर दाखवते. गेल्या दिवाळीनंतर मी माझे जुने रीळ त्यांच्याकडे दिले. त्यानंतर पाच महिने ते खाऱ्या पाण्यावर वापरले आणि मगच हा अभिप्राय लिहायला बसलो आहे, कारण रिळाची दुरुस्ती कितपत टिकाऊ आहे हे पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

गळाने मासे धरण्याचा नाद मला वयाच्या आठव्या वर्षी लागला. वडील सुटीच्या दिवशी कळव्याच्या बाजूला खाडीकाठी बसत, आणि लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोर), टोकाला शिसे आणि कोळंबीचा तुकडा एवढ्याच सामानावर बोय, शिंगाळा, कधी एखादी तांब घरी येई. माशाने आमिष चाखले की दोरावर ठेवलेल्या तर्जनीला जी बारीक थरथर जाणवते, ती एकदा कळलेला माणूस पुढे आयुष्यभर भरती-ओहोटीचे वेळापत्रक खिशात घेऊन फिरतो. नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे या सगळ्यांतून मी तिथी पाहून गरवायला जात राहिलो आणि निवृत्तीनंतरही जातो. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाल्यापासून तो भाग सोडून मी बेलापूरच्या बाजूला, दिवाळे गावाच्या पुढे बसतो.

ज्या रिळाविषयी लिहितो आहे ते पेन (Penn) या कंपनीचे ‘स्पिनफिशर’ आहे. ही कंपनी १९३२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला सुरू झाली. जहाजावर नोकरीला असलेल्या एका मित्राने १९९४ मध्ये हे रीळ सिंगापूरहून आणून दिले होते. सगळे अंग धातूचे असल्यामुळे ते आजच्या रिळांपेक्षा जड आहे, पण त्या वजनाची माझ्या मनगटाला इतकी सवय झाली आहे की हलके रीळ हातात घेतले की मला चुकल्यासारखे वाटते.

गेल्या ऑक्टोबरात पौर्णिमेच्या उधाणाला, सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यानंतर साधारण तासाभराने, जिवंत कोळंबीवर एक मोठा जिताडा लागला. त्याने दोन उड्या मारल्या, डोके झटकले, आणि तिसऱ्या उडीच्या आधी दोर सैल पडला. जिताड्याच्या कल्ल्याला धार असते आणि त्याचे तोंडही खरखरीत असते, म्हणून टोकाला जाड तंगूस लावण्याची काळजी मी नेहमी घेतो; पण तुटला होता तो मागचा मुख्य दोर. मी दोर बदलला. पुढच्या दोन फेऱ्यांत आणखी दोन मासे तसेच गेले, आणि त्यातच दोर सोडताना उघडायची तार, जिला आम्ही बेल म्हणतो, ती आपोआप मिटेनाशी झाली. एका मोठ्या दुकानात रीळ दाखवले तेव्हा तेथील विक्रेत्याने ते उघडूनही पाहिले नाही. एवढ्या जुन्या मालाचे सुटे भाग येत नाहीत, नवे घ्या, असे सांगून त्याने मला काचेच्या कपाटाकडे नेले. नवे रीळ घेण्याची माझी ऐपत नव्हती असे नाही, परंतु कारण न कळता वस्तू टाकून देणे माझ्या मनाला पटले नाही.

कोळीवाड्यातल्या त्या ओटीवर मला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. गृहस्थांनी रीळ हातात घेतले, मूठ फिरवून कानाजवळ धरले, आणि म्हणाले, “काका, मेलं नाही हे. मीठ खाऊन अडकलंय.” मग त्यांनी स्टीलचे एक मोठे ताट पुढे ओढले आणि त्यात स्वच्छ सुती कापड पसरले. जो भाग आधी निघेल तो डावीकडे, त्यानंतरचा त्याच्या उजवीला, अशा क्रमाने स्पूल (दोर गुंडाळायची चकरी), मूठ, बाजूचे झाकण, गिअर, बेअरिंग, वॉशर असे एकेक ताटात येत गेले, आणि प्रत्येक टप्प्याला त्यांच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. आतले ग्रीस काळे पडून डिंकासारखे घट्ट झाले होते आणि झाकणाच्या कडेला मिठाची पांढरी खपली धरली होती. मी रीळ वापरून आल्यावर गंज सोडवणारा फवारा आत मारतो, हे सांगताच त्यांनी मान हलवली. तो फवारा ग्रीस धुऊन काढतो, आणि ग्रीस गेल्यावर खाऱ्या हवेला आत शिरायला वाट मोकळी होते, हे त्यांनी मला गिअरच्या दातांवरचे डाग दाखवून समजावले. तीस वर्षे जी गोष्ट मी काळजी म्हणून करत होतो, तिनेच रिळाचे नुकसान केले होते.

मासे का सुटत होते याचे उत्तर मात्र आत सापडले नाही. ते बेलच्या टोकाशी असलेल्या लहानशा रोलरमध्ये होते. दोर स्पूलवर गुंडाळला जाताना या रोलरवरून वळतो, आणि रोलर दोराबरोबर फिरला तरच घर्षण होत नाही. माझा रोलर मिठाने जाम झाला होता, त्यामुळे दोर वर्षानुवर्षे एकाच जागी घासून धातूवर बारीक खाच पडली होती. ती मला चष्मा लावूनही दिसेना. तेव्हा त्यांनी कापसाची सैल पात रोलरवरून हळूच ओढली, आणि तिचे दोन तंतू खाचेत अडकून मागे राहिले. मासा जोर करील तेव्हाच दोर त्या खाचेत दाबला जात होता, म्हणून रिकामा गळ ओढताना काहीच कळत नसे आणि नेमका मोठा मासा लागला की दोर तुटे.

बंद पडलेल्या दुसऱ्या एका रिळातून त्यांनी जुळणारा रोलर काढला, बेलची तुटलेली स्प्रिंग बदलली, सगळे भाग रॉकेलमध्ये जुन्या दातब्रशने घासून पुसले आणि नवे ग्रीस लावले. ग्रीस ठासून भरायचे नसते, दातांवर पातळ थर पुरतो, हेही त्यांनी करता करता सांगितले. स्प्रिंग आणि रोलर धरून त्यांनी माझ्याकडून साडेसातशे रुपये घेतले आणि काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत दिले. सुटे भाग परत देणारा कारागीर मला फार वर्षांनी भेटला.

अष्टमीला, भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) पाणी असताना दिलेले रीळ मला त्रयोदशीला मिळाले, म्हणजे पौर्णिमेचे उधाण चुकले नाही. त्यानंतरच्या महिन्यांत मी अकरा वेळा बसलो आणि एकदाही मुख्य दोर तुटला नाही. जानेवारीत एक जिताडा वीस मिनिटे चालला. ड्रॅगमधून, म्हणजे मासा ओढू लागला की दोर आवरत सोडणाऱ्या रिळातल्या भागातून, दोर जाताना आवाज एकसारखा येत होता, पूर्वी येणारे झटके पूर्णपणे थांबले होते. तो मासा मी सोडून दिला. जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा जिताडा ठेवला की खाडीतली अंडी देणारी मादी जाते, ही गोष्ट अलीकडे माझ्या मनात घर करून आहे.

या सेवेत उणिवाही आहेत. पावती मिळत नाही, ठरलेल्या वेळा नाहीत, आणि गृहस्थ स्वतः मासेमारीला गेले असतील तर ओटी बंद असते. मलाही एकदा रिकाम्या हाताने परतावे लागले. वेणीच्या (बारीक धाग्यांच्या विणलेल्या) दोराने स्पूल भरून हवा असेल तर तो आपला आपण न्यावा लागतो, मात्र तळाशी साध्या तंगुसाचे काही वेढे ते आपणहून घालून देतात, कारण तसे केले नाही तर वेणीचा दोर गुळगुळीत स्पूलवर घसरत राहतो. प्लास्टिकच्या अंगाची स्वस्त रिळे ते सहसा घेत नाहीत, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या जवळ जातो असे आधीच स्पष्ट सांगतात. मला हा स्पष्टपणा आवडला, तरी नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांची त्यामुळे थोडी निराशा होत असेल.

रीळ बादलीत बुडवून धुऊ नये, ड्रॅग घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, पुसून सावलीत वाळवावे आणि ठेवताना ड्रॅग पुन्हा सैल करावा म्हणजे आतल्या चकत्या दबून बसत नाहीत, एवढे पथ्य त्यांनी मला घालून दिले आहे आणि मी ते तंतोतंत पाळतो.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात नारळी पौर्णिमेआधी सामान तयार करून घेणाऱ्यांची त्यांच्याकडे गर्दी होते. माझे दुसरे, लहान रीळ मी त्यामुळे मे महिन्यातच नेऊन देणार आहे.