पावलांची स्पर्धा की बीपीचं मशीन?

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की एचआरवाल्यांना काहीतरी करून दाखवावं लागतं. भोसरीतल्या आमच्या कारखान्यात मी दोन्ही करून पाहिलंय. एका वर्षी महिनाभर मोबाईलवर पावलं मोजायची स्पर्धा, पुढच्या वर्षी टाइम ऑफिसात बीपीचं मशीन.

स्पर्धेत मजा जास्त, हे मान्य. जेवण झालं की डुलक्या काढणारी ऑफिसची मंडळी गेटपर्यंत फेऱ्या मारायला लागली होती. पण आमच्याकडे शॉपफ्लोअरवर मोबाईल चालत नाही, पाळी सुरू होताना लॉकरमध्ये टाकावा लागतो. त्यामुळे स्टोअरमधून लाइनवर दिवसभर माल पोचवणारे मामा यादीत शेवटून दुसरे. पहिला आला अकाउंट्समधला पोरगा. तो खुर्चीत बसून मोबाईल हलवतो, हे अख्ख्या कँटीनला ठाऊक होतं. बक्षीस देताना मामांनीही टाळ्या वाजवल्या. माझं मन तिथेच उडालं.

मशीन तसं कंटाळवाणं, आणि सुरुवातीला घोळही झाले. माणसं जिना चढून यायची, तोंडात तंबाखू, लगेच दंडाला पट्टा. मग आकडा बघून घाबरायची. आता पाठ टेकायला खुर्ची आहे, पाच मिनिटं गप्प बसायचं, चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद. दुसरी चूक माझीच. नोंदवही टेबलावर उघडी ठेवली होती. ओव्हरटाइम बंद करतील या भीतीने अर्धेजण फिरकेनात. वही गेली, आता आकडा चिठ्ठीवर आणि चिठ्ठी ज्याच्या-त्याच्या खिशात. वेगवेगळ्या दिवशी १४०/९०च्या वर आला, तर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, डॉक्टरांकडे जा, एवढंच सांगतो.

कँटीनवाल्याला दिवसाला ५ ग्रॅम मिठाचं गणित मी कितीदा सांगितलं, फरक नाही. चिठ्ठ्या बघून लोकच पापड-लोणचं नको म्हणायला लागले, तेव्हा त्याने बरण्या टेबलावरून उचलल्या.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत, जिथे मोबाईल दिवसभर हातातच असतो, तिथे स्पर्धा चालेलही. मशीनमुळे कोणी चालायला लागत नाही, हेही खरं. पण रात्रपाळीवाल्यांनाही उपयोगी पडेल असं काही हवं असेल, तर मी दोन-तीन हजारांचं मशीनच घेईन.

मामा आता दर सोमवारी येतात. बसताना तंबाखूची पुडी टेबलावर काढून ठेवतात. उठताना आठवणीने परत खिशात घालतात.