साल्ट की मीरकॅट?

दोन्ही दुर्बिणी दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर आहेत, पण स्वभाव पार वेगळे.

सदरलँडची साल्ट २००५ पासून प्रकाश टिपते. तिचा आरसा सुमारे ११ मीटरचा, ९१ षटकोनी तुकड्यांचा. खर्च वाचवण्यासाठी तो एकाच कोनात कललेला ठेवला आहे. दुर्बीण गोल फिरते, वर-खाली होत नाही. म्हणून एखादा तारा सलग तास-दोन तासच हाती लागतो, पुढे तो निसटतो. रात्र हवी, आभाळ निरभ्र हवं. पण वर्णपटासाठी, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून पाहण्यासाठी, ती उत्तम. २०१७ साली दोन न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळले, तेव्हा त्या स्फोटाचा वर्णपट तिने लगेच घेतला होता. शिवाय पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था तिच्यात भागीदार आहे, तेव्हा आपल्याकडच्या संशोधकांना हा दरवाजा आधीच उघडा आहे.

कार्नार्व्हनजवळची मीरकॅट म्हणजे १३.५ मीटरच्या ६४ तबकड्या. ती रेडिओ लहरी ऐकते. ढग असोत, दिवस असो, काम चालूच. (मोबाइलचा मात्र तिला भारी त्रास.) २०१८ मध्ये उद्घाटन झालं आणि पुढच्याच वर्षी आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचे प्रचंड रेडिओ बुडबुडे तिने दाखवले. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हात बसलेल्याला इथलं तंत्र परकं वाटणार नाही.

धूळ भेदून दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन शोधायचा असेल, तर मी मीरकॅटच घेईन. अचानक उजळलेला तारा नेमका कशाचा बनलाय हे विचारायचं असेल, तर साल्ट.