घटनास्थळ तपासाची पेटी: पाकिटं उघडणारीचा अभिप्राय

अकरा वर्षं मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात होते. घटनास्थळावर फारच कमी वेळा गेले. घटनास्थळ माझ्याकडे यायचं, पाकिटांतून. म्हणून कुठलीही तपास-पेटी समोर आली की मला आधी हेच पाहावंसं वाटतं, की हिच्यातून गोळा केलेली वस्तू आठवडाभरानं माझ्या टेबलावर आली तर कुठल्या अवस्थेत असेल? आता मी नव्या तपासनीसांना शिकवते. ही पेटी आठ महिन्यांत चार तुकड्यांबरोबर वापरून झाली आहे. तीच पेटी वेगवेगळ्या लेबलांखाली विकली जाते, आतलं सामान सारखंच असतं, त्यामुळे नावात शिरत नाही. वरच्या कप्प्यात फोमच्या खाचांमध्ये टॉर्च, ब्रश, पावडरच्या डब्या आणि रक्तचाचणीच्या बाटल्या. खालच्या कप्प्यात पिशव्या, स्वॅब, टेप, फॉर्म. एवढ्यावरून ओळखता येईल.

झाकण उघडलं की टॉर्च डोळ्यांत भरतो. मी खालचा कप्पा आधी उपसला, आणि माझी मोठी तक्रार तिथलीच आहे.

पेटीत झिपवाल्या प्लास्टिक पिशव्या चाळीस आहेत आणि कागदी पिशव्या फक्त दहा. हे प्रमाण नेमकं उलटं हवं. रक्ताचा, लाळेचा, घामाचा अंश असलेली कुठलीही वस्तू आधी सावलीत, वाऱ्यावर वाळवायची आणि मग कागदात ठेवायची. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडत जातात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक शर्ट आला होता. ओलाच गुंडाळून प्लास्टिकमध्ये भरलेला, वर टेपचे चार वेढे. उघडला तेव्हा कुबट वास आला आणि छातीच्या भागावर करडी बुरशी पसरलेली. त्या डागातून काहीही निघालं नाही. कुणी हेतूनं केलं नव्हतं; हाताला जी पिशवी लागली त्यात शर्ट भरला होता. पेटीत चाळीस प्लास्टिक पिशव्या असतील तर हाताला तीच लागणार. पेटी बनवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

जळीत प्रकरणांसाठी तर दोन्ही पिशव्या निरुपयोगी. पेट्रोलसारख्या द्रवाची वाफ कागदातून निघून जातेच, साध्या पॉलिथिनमधूनही निसटते. त्याला घट्ट झाकणाचा धातूचा डबा किंवा नायलॉनची खास पिशवी लागते. पेटीत यातलं काहीच नाही, आणि माहितीपुस्तिकेत मात्र ‘आगीच्या घटनास्थळासाठीही उपयुक्त’ असं छापलं आहे. ते काढून टाकायला हवं.

आता स्वॅब. प्रत्येक स्वॅबच्या वेष्टनावर ‘निर्जंतुक’ असं लिहिलं आहे आणि माझे विद्यार्थी दर वेळी त्या शब्दावर निश्चिंत होतात. निर्जंतुक म्हणजे जिवाणू मेलेले. डीएनए त्यावर शिल्लक असू शकतो. जर्मनीतल्या हाइलब्रोनचं प्रकरण मी प्रत्येक तुकडीला सांगते. २००७मध्ये तिथे एका पोलीस महिलेचा खून झाला. गाडीवर सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए आधीच्याही गुन्ह्यांत मिळालेला होता. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधली मिळून चाळीसच्या आसपास प्रकरणं तिच्या नावावर जमा झाली. खून, चोऱ्या, घरफोड्या. एकमेकांशी कसलाच मेळ नसलेले गुन्हे. पुढे एका पुरुषाच्या जुन्या बोटठशांच्या कागदावरही तोच स्त्रीचा डीएनए मिळाला, तेव्हा शंका आली. २००९मध्ये उलगडा झाला, की हा डीएनए स्वॅबच्या उत्पादनात काम करणाऱ्या एका महिलेचा होता. अशी बाई गुन्ह्यांच्या जगात नव्हतीच. दोन वर्षं तपासयंत्रणा कापसाच्या बोळ्याच्या मागे धावली आणि त्या काळात खऱ्या खुन्याचा माग थंड होत गेला. या धड्यातून पुढे, २०१६मध्ये, आयएसओ १८३८५ हे मानक आलं. पुरावा गोळा करण्याच्या साहित्यात मानवी डीएनए मिसळू नये यासाठीचं. या पेटीतल्या स्वॅबवर त्या मानकाचा उल्लेख कुठेही नाही. सरावाला ते चालतील. खऱ्या प्रकरणात मी ते वापरू देणार नाही. शिवाय सोबतच्या नळ्या पूर्ण बंद, हवा खेळायला भोक नाही. म्हणजे ओला स्वॅब पुन्हा कोंडलाच. आम्ही पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या वेगळ्या आणल्या, त्यात बोळा कशालाही न टेकता वाळतो. कोरा स्वॅबही प्रत्येक वेळी सोबत पाठवायची सवय मी लावली आहे, म्हणजे मूळ कापसात काही होतं का ते प्रयोगशाळेला तपासता येतं.

पावडर आणि ब्रश यांच्याबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिते. काळी पावडर बारीक, कोरडी, गुठळ्या न होणारी आहे. फायबरग्लासचा ब्रश इतका मऊ, की काचेवर फिरवताना हाताला जाणवतच नाही. ठसा म्हणजे त्वचेवरच्या घामाचा आणि तेलकटपणाचा नाजूक थर. पावडर त्या ओलसर रेषांना चिकटते आणि मधल्या जागा मोकळ्या राहतात. नवशिका माणूस जोर लावतो, पावडर जास्त घेतो, मग रेषांमधल्या फटी बुजतात आणि हाती काळा डाग उरतो. पहिल्या तुकडीत एका मुलानं काचेच्या दारावरचा सुरेख अंगठा असा बुजवला आणि कितीतरी वेळ त्या काचेसमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पावडर आधी कागदावर काढून ब्रशची फक्त टोकं बुडवली, रेषांचा कल दिसताच ब्रश त्याच दिशेनं फिरवला. ठसा इतका स्वच्छ उठला की सगळ्यांनी येऊन पाहिला. त्याला हे जमलं त्यात या ब्रशचाही वाटा आहे.

चुंबकी पावडरची कांडीही उत्तम आहे. तिला केस नसतात, पावडरचाच झुबका टोकाला लटकतो, म्हणून घासलं जाण्याची भीती कमी. फक्त लोखंडी कपाटावर ती वापरू नका, पावडर तिथेच चिकटून बसते. पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, बरं वाटलं. एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही. तोच ब्रश एका वस्तूवरून दुसरीवर फिरला तर त्याच्यासोबत सूक्ष्म अंशही जाऊ शकतात. ज्या जागी डीएनए मिळण्याची आशा आहे तिथे आधी काय घ्यायचं, ठसा की स्वॅब, हे ब्रश उचलण्यापूर्वी ठरवावं लागतं.

ठसा उचलण्यासाठी पारदर्शक टेप आहे आणि काळे जिलेटिनचे पत्रेही आहेत. टेप पांढऱ्या कार्डावर लावली की ठसा सुलटा दिसतो; काळ्या पत्र्यावर तो आरशातल्यासारखा उलटा येतो. ही सूचना ठळक अक्षरांत हवी होती, ती कुठेच नाही. तुलना करणारा माणूस उलट्या ठशावर तास घालवेल किंवा ‘जुळत नाही’ असं लिहून मोकळा होईल. कार्डावर ‘वरची बाजू’ दाखवणारा बाण छापला आहे, ही मात्र शहाणपणाची गोष्ट. दारावरचा पंजा वर तोंड करून होता की खाली, यावरून माणूस ढकलत होता की लटकत होता ते कळू शकतं.

पुस्तिकेत पुढे असं लिहिलंय, की बारा खुणा (ठशातली रेष जिथे संपते किंवा दुभंगते त्या जागा) जुळल्या म्हणजे ओळख पक्की. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या प्रतीत खोडायला लावते. आकड्याचा नियम सगळीकडे सारखा नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सोळा खुणांचा दंडक होता, तो २००१मध्ये काढून टाकला. आणि २००४च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर डेटोनेटर असलेल्या प्लास्टिक पिशवीवरचा ठसा एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला. त्याला अटक झाली. ठसा निघाला दुसऱ्याचाच, स्पॅनिश पोलिसांनी तो ओळखला. तिथेही रेषा खूप जुळत होत्या. न जुळणाऱ्या रेषांकडे डोळेझाक झाली. न जुळणारी एक खूण दिसली तर थांबायचं, तिचं कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, हे पेटीसोबतच्या कागदावर आधी छापायला हवं.

टॉर्चबद्दल थोडक्यात सांगते. अंधारात चमकणारे डाग शोधण्यासाठीचा हा अतिनील टॉर्च. तो ३९५ नॅनोमीटरचा आहे, म्हणजे अदृश्य किरणांसोबत डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेड भरपूर पडतो आणि त्यात मंद चमक बुडून जाते. नारिंगी चष्मा दिला आहे, पण तो निळ्या उजेडाच्या दिव्याबरोबर कामाचा, आणि तसा दिवा पेटीत नाही. पुस्तिकेतलं ‘रक्त चमकून उठेल’ हे विधान चूक आहे. रक्त प्रकाश शोषून घेतं, ते काळपट दिसतं. चमकतात ते वीर्यासारखे डाग, काही धागे, धुण्याच्या पावडरचे अंश. एका मुलीनं खोलीभर चमक शोधली आणि गडद ठिपका ओलांडून पुढे गेली, कारण तिनं पुस्तिका नीट वाचली होती.

रक्ताच्या प्राथमिक चाचणीच्या तीन छोट्या बाटल्या आहेत, फिनॉल्फ्थॅलिनची कॅसल-मेयर पद्धत. रसायनं ताजी होती, वापरण्याची मुदत स्पष्ट छापलेली. क्रम सांभाळावा लागतो: आधी अल्कोहोल, मग रंगहीन द्रावण, थोडं थांबायचं, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पडताच गुलाबी झालं तर रक्त असण्याची शक्यता. त्याआधीच गुलाबी झालं तर तिथे दुसरं काहीतरी आहे. आणि अर्ध्या मिनिटानंतर आलेला गुलाबी रंग धरायचाच नाही, हवेनंही तो येतो. काही भाज्यांच्या रसानंही ही चाचणी फसते. रक्त माणसाचं की प्राण्याचं, हे तर ती सांगतच नाही. म्हणून अहवालात ‘रक्त आढळले’ लिहू नका, ‘रक्तसदृश डाग, प्राथमिक चाचणी सकारात्मक’ असं लिहा. न्यायालयात या दोन वाक्यांमधलं अंतर फार मोठं असतं.

पेटीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बुटांच्या ठशांसाठीच्या डेंटल स्टोनच्या, म्हणजे दातांचे साचे करतात त्या प्लास्टरसारख्या कडक भुकटीच्या पिशव्या. भुकटी मोजून भरलेली, पिशवीवर पाण्याच्या पातळीची रेघ. पाणी ओतायचं, झिप लावायची, हातानं मळायचं. घटनास्थळावर तराजू शोधत बसावं लागत नाही. मिश्रण थेट ठशावर ओतायचं नाही. बाजूला ओतून आत वाहू द्यायचं, नाहीतर मातीतली बारीक नक्षी मोडते. अर्ध्या तासानं साचा उचलला, दोन दिवस वाळू दिला आणि मगच माती धुतली. टाचेच्या बाहेरच्या कडेला आडवी चीर होती, बुटाला कधीतरी काचेनं कापल्यासारखी. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे हजारो बूट असतात. अशी चीर त्याच जागी, त्याच आकाराची असलेला दुसरा बूट मिळणं अवघड. साच्यात ती चीर इतकी स्पष्ट आली, की नखानं चाचपता येत होती.

इंग्रजी एलच्या आकाराची मोजपट्टी आहे. ती मी व्हर्नियरनं तपासली, बरोबर निघाली. हे तपासणं मी सोडत नाही, कारण छायाचित्र मूळ मापात आणताना सगळा भरवसा या पट्टीवर असतो. रक्ताच्या थेंबांचंही तसंच. थेंबाची रुंदी भागिले लांबी, हे त्याच्या आघातकोनाचं साइन. रुंदी चार मिलिमीटर, लांबी आठ, तर कोन तीस अंश. मोजण्यात अर्धा मिलिमीटर चुकला तरी कोन चांगलाच सरकतो. पुस्तिकेत ही आकृती छान काढली आहे, पण शेपटी वगळून मोजायचं हे सांगितलेलं नाही.

सील करायची टेप चांगली आहे. सोलली की अक्षरं उमटतात, आणि तिच्यावरून अर्धी सही पाकिटावर नेता येते. ताब्याच्या नोंदीच्या फॉर्मवर मात्र हस्तांतरणासाठी फक्त दोन रकाने आहेत. गोळा करणारा, मुद्देमाल ठेवणारा, नेणारा, प्रयोगशाळेत घेणारा, तपासणारा आणि मग परतीचा सगळा प्रवास. माझ्या टेबलावर येईपर्यंतच दोन रकाने संपतात आणि पुढच्या सह्या समासात जातात. समासातली सही उलटतपासणीत टिकवणं किती कठीण असतं ते मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून अनुभवलं आहे. आम्ही दहा रकान्यांचा आमचा फॉर्म छापून घेतला.

शिकवण्यासाठी पेटी घ्या, ब्रश, पावडर आणि डेंटल स्टोनसाठी तर नक्की घ्या. स्वॅब आणि कागदी पिशव्या वेगळ्या आणा, टॉर्च बाजूला ठेवा, पुस्तिका स्वतः दुरुस्त करून मगच हातात द्या. खऱ्या कामासाठी मी ही पेटी जशीच्या तशी सुचवणार नाही.

गेल्या तुकडीच्या शेवटच्या सरावानंतर माझ्या टेबलावर एक कागदी पाकीट आलं. आत दुमडलेला रुमाल, डागाच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद, म्हणजे डाग घडीतून पलीकडे उमटू नये. लेबलवर वेळ, खोलीतली जागा, उचलणारीचं नाव, आणि खाली तिनं स्वतःहून भरलेली ओळ: ‘वाळवायला ठेवले ११.४०, पाकिटात ठेवले १६.१५, दरम्यान खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे.’ अकरा वर्षांत अशी ओळ लिहिलेली पाकिटं मला बोटांवर मोजण्याइतकी मिळाली होती.