गावातल्या घरावर ३ किलोवॅट सोलर: अकरा महिन्यांनंतर

"सोलर लावलंय म्हणे. मग आता तुमची लाईट जात नसेल?" हा प्रश्न मला वर्षभरात निदान पन्नास जणांनी विचारला असेल. जाते हो. सगळ्या आळीची जाते तेव्हाच आमचीही जाते. भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन असतानाही जाते. ते कसं, हे मला पैसे भरण्याआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठीच. बिलाचं कौतुक पुढे येईलच.

आम्ही सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात राहतो. घरात आई, अण्णा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. दीड एचपीची बोअरची मोटार, फ्रिज, वॉशिंग मशीन, चार पंखे, गिझर आणि घरघंटी. वापर महिन्याला सरासरी २४० युनिट. एप्रिल २०२४ पासून घरगुती दर असे होते: पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. शिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, सिंगल फेजला महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आमचं २४० युनिटचं बिल २,६९० च्या आसपास, इंधन समायोजन आकार आला तर तो वर.

इथे एक गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. वहन आकार आणि वीज शुल्क धरलं तर शंभराच्या आतलं युनिट तेव्हा पावणेसात रुपयांना पडायचं आणि एकशे एकावं युनिट सव्वातेरा रुपयांना. सोलरचं युनिट बिलातून कमी होतं ते आधी या वरच्या, महागड्या टप्प्यातून. त्यामुळे २४० वाल्याला ते जितकं परवडतं तितकं ६५ वाल्याला परवडत नाही. आमच्या भावकीतले एक तात्या माझं बघून लावायला निघाले होते. दोन माणसांचं घर, बिल ५९० रुपये. त्यातले दीडशे तर सोलर लावूनही सुटत नाहीत, कारण स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क भरावंच लागतं. एक किलोवॅट लावलं तरी अनुदान वजा जाता खिशातले चाळीसेक हजार निघायला सात वर्षं. मी म्हटलं, तात्या, त्यापेक्षा तीन जुने पंखे काढून तीस वॅटवाले बसवा. त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण पंखे बसवले.

आमचा हिशोब वेगळा होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही मोठं लावा, रक्कम तेवढीच. ५४० वॅटची सहा पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा), अर्थिंग, वीजरोधक, सगळं मिळून १ लाख ९० हजार झाले. त्यात उंच स्ट्रक्चरचे पंधरा हजार आले. हे पंधरा हजार मात्र वाचवू नका. आमच्या घरात सगळ्यात मोठा विरोध आईचा होता: कुरडया, सांडगे, ज्वारी वाळवायची कुठे? पॅनेल स्लॅबला चिकटवली असती तर अर्धी गच्ची गेली असती. आठ फूट उचलली, तर गच्ची राहिली आणि वर सावली मिळाली. उन्हाळ्यात अण्णांची बाज आता तिथेच असते.

बसवायला दोन दिवस लागले. त्यानंतर नेट मीटरसाठी, म्हणजे बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, पाच आठवडे वाट बघितली. मे महिन्याचं ते सोन्यासारखं ऊन पॅनेलवर पडून वाया गेलं, कारण नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम सुरू करायची नसते. ज्या एजन्सीने काम केलं तिच्या माणसाने पैसे घेईपर्यंत रोज फोन केला, नंतर माझाच फोन उचलला नाही. शेवटची दहा टक्के रक्कम मीटर लागल्यावरच द्या, हा एवढा अनुभव घ्या माझ्याकडून. जूनच्या अखेरीस मीटर लागला. अनुदान मात्र पंचविसाव्या दिवशी खात्यात जमा झालं, तिथे काही तक्रार नाही.

आता उत्पादन. ऊन जास्त तर वीज जास्त असं मला वाटत होतं. तसं नाही. पॅनेल तापलं की त्याची ताकद कमी होते. म्हणून सगळ्यात चांगला महिना ठरला मार्च, ४०५ युनिट. जुलैत २१० च निघाले. एका झडीच्या दिवशी तर सबंध दिवसात पावणेदोन युनिट! डिसेंबरात दिवस लहान, तरी हवा स्वच्छ आणि गार असल्याने ३३५ आले. जुलैचं बिल साडेतीनशेच्या आसपास होतं, ऑगस्टचंही तसंच. सप्टेंबरपासून दरमहा दीडशेच्या आतबाहेर.

बिल वाचताना पहिले दोन महिने माझा गोंधळ उडाला. उदाहरण म्हणून नोव्हेंबर घ्या. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये उत्पादन ३३०, बिलावर निर्यात (बाहेर दिलेली वीज) २३२. मला वाटलं, मधले ९८ युनिट कुणी खाल्ले? खाल्ले आम्हीच. दिवसा घरात जे वापरलं जातं ते मीटरपर्यंत पोचतच नाही. रात्री आणि पहाटे बाहेरून घेतले १९० युनिट. म्हणजे घराचा खरा वापर २८८ आणि पुढच्या महिन्यासाठी शिल्लक ४२. ही शिल्लक महिनोन्‌महिने पुढे सरकते, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या भावाने वीज घेतो त्याच्या जवळपासही तो भाव नसतो. गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून वीज विकून कमवू म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आणि हो, २४० चे २८८ झाले हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. फुकटची सवय लागते. पूर्वी गिझर फक्त पोरांच्या शाळेच्या घाईत लागायचा, बाकीच्यांना बंब होता. आता बंब परसात गंजतोय. डिसेंबरात पुसेगावच्या सेवागिरी यात्रेला पाहुणे आले तेव्हा आई सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, "घ्या गरम पाणी, सूर्याचंच आहे." पहाटे पाच वाजता कुठला सूर्य! पण तिचा आनंद मोडावासा वाटला नाही. एक बदल मात्र चांगला झाला. मोटार, घरघंटी, वॉशिंग मशीन हे सगळं आता अकरा ते तीनमध्ये उरकतं. नेट मीटर असताना बिलात त्याने फार फरक पडत नाही, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना मोटार चालवून जळण्याची भीती गेली.

आता सुरुवातीचा प्रश्न. मार्चच्या शेवटी आमच्या आळीची डीपी, म्हणजे आळीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. दुसरी येऊन बसेपर्यंत चार दिवस गेले. चारही दिवस आभाळ निरभ्र, गच्चीवर सव्वातीन किलोवॅटची पॅनेल, आणि खाली फ्रिजमधलं दूध नासलेलं. शेजारचे भाऊ येऊन विचारतात, "काय हो, तुमच्यातबी अंधार?" आमच्यासारखा ऑन-ग्रिड, म्हणजे बिनबॅटरीचा आणि बाहेरच्या लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर बाहेरची वीज असेल तरच चालतो. ती गेली की तो स्वतःला बंद करून घेतो. का, ते मला डीपी जोडायला आलेल्या वायरमनने एका वाक्यात समजावलं: "तुमचं चालू राहिलं असतं तर खांबावर मी भाजलो असतो." पटलं. पण आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. लाईट परत आली तरी इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, लाईन स्थिर आहे का ते बघत पाचेक मिनिटं थांबतो. गावाकडे दुपारी दोन तासांत चार वेळा ये-जा झाली की या पाच-पाच मिनिटांचीही बेरीज होते.

दुसरा त्रास व्होल्टेजचा. ऑक्टोबरात रोज बारा वाजता इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' असा संदेश. व्होल्टमीटर लावून बघितलं तर २६२ व्होल्ट! एजन्सीचं म्हणणं, इन्व्हर्टर बदलावा लागेल. वायरमनने खांबावर चढून बघितलं तर न्यूट्रलचा जोड ढिला होता. जोड आवळला, प्रश्न मिटला. त्या पंधरा दिवसांत साठ-सत्तर युनिट बुडाले असतील. इन्व्हर्टरला शिव्या घालण्याआधी खांब बघा.

स्वच्छतेचा लोक फार बाऊ करतात, पण पावसाळ्यात काहीच करावं लागत नाही. काम असतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची मळणी सुरू झाली की. भुसकट आणि धूळ पॅनेलवर अशी बसते की दोन आठवड्यांत दिवसाचं एखादं युनिट कमी झालेलं ॲपमध्ये दिसतं. सकाळी सूर्य वर यायच्या आत धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आमच्या बोअरचं पाणी जड, त्याचे पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने मारतो, त्यावरून बायकोची बोलणी खातो.

बॅटरीवाल्या हायब्रिड इन्व्हर्टरची चौकशी केली होती. किंमत ऐकून फोन ठेवला. त्याऐवजी पंखे आणि दिवे यांच्यापुरता साधा बॅटरी-इन्व्हर्टर घेतला, तो लाईट असताना भरून राहतो. डीपी जळण्यासारखं संकट आलं तर एक रात्र निघेल, चार नाही. पण खर्च झालेले १ लाख १२ हजार आताच्या वेगाने चार वर्षांच्या आत वसूल होतायत, त्यामुळे परत निर्णय घ्यायचा झाला तरी सोलर लावीनच.

आमच्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली तेव्हा अण्णा म्हणाले होते, आपलंही गाव करू. सध्या गावात आमच्यासकट पाच घरांवर पॅनेल आहेत. यंदा मे महिन्यातच वळवाने असा धिंगाणा घातलाय की गेल्या आठवड्यात कुठल्याच दिवशी सात युनिटच्या वर गेलो नाही. अण्णा रोज संध्याकाळी ॲप उघडून पाच घरांचे आकडे विचारून घेतात आणि आपलं जास्त निघालं की भजी मागतात.